जनुकोपचाराचे ज्ञान कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



8 डिसेंबर 2023 रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सिकलसेल या रक्तविकारावरील दोन जनुकोपचारांना एकाच दिवशी मान्यता दिली. त्यांपैकी एकाला ब्रिटनने नोव्हेंबरातच मान्यता दिलेली होती. ही वार्ता महाराष्ट्राला दूरदेशीची वाटण्याचे कारण नाही. मध्य भारतात सिकलसेल आहे, याची नोंद 1958 साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केली. त्यानंतरच्या काळात गडचिरोली, चंद्रपूर, अमरावती, नंदुरबार अशा जिल्ह्यांतील आदिवासी पाड्यांत आणि विदर्भातील दलित वस्त्यांत हा आजार किती खोलवर रुजलेला आहे, हे वारंवार दिसून आले आहे. म्हणजे ज्या आजारावर जगातील सर्वांत नवा आणि सर्वांत महाग उपचार निघाला, तो आजार आपल्या समाजातील सर्वांत उपेक्षित थरांत वस्तीला आहे.

अशा परिस्थितीत एखादी आई सांध्यांच्या वेदनांनी तळमळणाऱ्या मुलाला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात येते आणि विचारते, "डॉक्टरसाहेब, यावर आता कायमचा उपाय निघाला म्हणतात. आमच्या पोराला मिळेल का?" या प्रश्नाचे उत्तर तिला कोण देणार, काय देणार आणि त्या देणाऱ्याला ते कोणी शिकवलेले असणार, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. वरवर पाहता तो वैद्यकशास्त्राचा आहे. वस्तुतः तो ज्ञानाच्या मालकीचा आणि म्हणून अर्थकारणाचा प्रश्न आहे.

डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते यांना जनुकोपचाराविषयी काय माहीत आहे आणि त्याविषयी त्यांना काय वाटते, याच्या पाहण्या गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या देशांत झाल्या आहेत. तपशिलांत फरक असला तरी बहुतेकांचे वळण एकच आहे : माहिती तोकडी आणि वृत्ती अनुकूल. पाहणी करणारे विद्वान वृत्ती अनुकूल असल्याबद्दल समाधान व्यक्त करतात, माहिती तोकडी असल्याबद्दल खेद व्यक्त करतात आणि प्रशिक्षण वाढवावे अशी शिफारस करून थांबतात. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र या दोन निष्कर्षांची जोडगोळीच चिंताजनक वाटली पाहिजे. ज्या वस्तूविषयी घेणाऱ्याला जवळजवळ काहीच कळत नाही, घ्यायला सांगणाऱ्याला थोडेसेच कळते पण तो तिच्यावर प्रसन्न आहे, आणि विकणाऱ्याला मात्र सर्व काही कळते, त्या वस्तूच्या बाजारात कोणाची सरशी होते हे सांगण्यासाठी फार विद्वत्तेची गरज नाही.

उपचार नेमका काय आहे?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. रक्तातील तांबड्या पेशींत प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन असते. ते घडवणाऱ्या जनुकातील एका अक्षराएवढ्या बदलाने सिकलसेल होतो. पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. त्यातून असह्य वेदनांचे झटके, रक्तक्षय, वारंवार जंतुसंसर्ग आणि कधी पक्षाघातही उद्भवतो. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते केवळ वाहक राहते. लायनस पॉलिंग यांनी 1949 साली या आजाराला 'रेणूचा आजार' म्हटले. म्हणजे वैद्यकाला त्याचे कारण कळून पाऊणशे वर्षे झाली. कारण कळणे आणि रुग्णाला उपचार मिळणे यांच्यातील अंतर समाज ठरवतो, हे येथूनच ध्यानात घ्यावे.

1948 साली ब्रुकलिनमधील डॉ. जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आले की तान्ह्या बाळांत हा आजार पहिले काही महिने डोके वर काढत नाही. गर्भावस्थेतील वेगळे हिमोग्लोबिन त्यांचे रक्षण करते. पुढे हे संरक्षक हिमोग्लोबिन वयाबरोबर बंद का पडते, याचा शोध सुरू झाला. 2008 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी ते बंद करणारी जनुकीय कळ दाखवून दिली. 2012 मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिये यांनी जनुकात हव्या त्या जागी छेद देण्याचे 'क्रिस्पर' तंत्र मांडले. 2020 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. 'कॅसगेव्ही' नावाचा उपचार म्हणजे या शोधांची बेरीज आहे. रुग्णाच्या रक्तातून मूलपेशी काढून घेतात, प्रयोगशाळेत ती बंद करणारी कळच निकामी करतात आणि त्या पेशी रुग्णाच्या शरीरात परत सोडतात. मग गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते.

मान्यतेच्या वेळी ज्या 31 रुग्णांचा पुरेसा काळ पाठपुरावा झालेला होता, त्यांपैकी 29 जणांना सलग किमान बारा महिने तीव्र वेदनांचा झटका आला नाही. हे यश असामान्य आहे आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. विज्ञानाकडे संशयाने पाहणे हा पुरोगामित्वाचा पुरावा नव्हे.

परंतु याच उपचाराची दुसरी बाजू आहे. सुधारलेल्या पेशींना जागा करून देण्यासाठी रुग्णाची जुनी अस्थिमज्जा तीव्र रसायनांनी रिकामी करावी लागते. त्यासाठी कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागतात, आणि पुढे अपत्यप्राप्तीची शक्ती जाण्याचा धोका असतो. त्याच दिवशी मान्यता मिळालेल्या 'लिफजेनिया' या दुसऱ्या उपचारावर रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा छापलेला आहे. उपचार घेतलेल्यांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवायचे आहे. म्हणजे 'कायमचा' या शब्दावर काळाची मोहोर अजून उमटायची आहे.

आणखी एक गोष्ट, जी प्रत्येक आरोग्यसेवकाला माहीत असलीच पाहिजे. हा उपचार रुग्णाच्या रक्तापुरता असतो. तो बरा झाला तरी त्याच्या बीजपेशींतील सदोष जनुक तसेच राहते आणि पुढच्या पिढीकडे जाऊ शकते. तेव्हा विवाहापूर्वीचे समुपदेशन आणि जोडीदाराची तपासणी यांची गरज उपचारानंतरही संपत नाही. भावी पिढ्यांचे जनुक बदलणे ही सर्वस्वी निराळी बाब आहे. चीनमधील हे जियानकुई यांनी 2018 मध्ये ते केल्याचे जाहीर केले तेव्हा जगभर निषेध झाला आणि त्यांना तुरुंगवासही झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तसे करण्यास मज्जाव आहे. या दोहोंतील भेद ज्याला सांगता येत नाही, तो वैद्य एक तर खोटी भीती पसरवील किंवा खोटी आशा.

ज्ञानाचा व्यस्त नियम

हे ज्ञान आरोग्यसेवकांपर्यंत का पोहोचत नाही? केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञांनी 1963 साली एका गाजलेल्या निबंधात दाखवून दिले की वैद्यकसेवा ही इतर वस्तूंसारखी बाजारू वस्तू होऊ शकत नाही, कारण देणारा आणि घेणारा यांच्या माहितीत मूलभूत विषमता असते. रुग्ण डॉक्टरवर विश्वास टाकतो, कारण त्याच्यापुढे दुसरा मार्गच नसतो. ॲरो यांच्या मांडणीत डॉक्टर जाणकार होता. जनुकोपचाराच्या क्षेत्रात त्याच्याही डोक्यावर आणखी एक जाणकार येऊन बसला आहे, आणि तो म्हणजे उत्पादक कंपनी. पदवी घेऊन वीस वर्षे झालेल्या डॉक्टरने क्रिस्परविषयी महाविद्यालयात काही शिकणे शक्यच नव्हते. मग नवे ज्ञान त्याला कोठून मिळणार? कंपनीचे प्रतिनिधी, कंपनीने भरवलेल्या परिषदा, कंपनीच्या खर्चाने छापलेल्या चकचकीत पुस्तिका. औषधांच्या प्रचारासाठी शासनाने मार्च 2024 मध्ये आचारसंहिता जाहीर केली खरी. पण भेटवस्तूंना आळा घालणे वेगळे आणि डॉक्टरला ज्ञानाचा स्वतंत्र स्रोत उपलब्ध करून देणे वेगळे.

1971 साली वेल्समधील खाणकामगारांच्या वस्तीत काम करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या समाजवादी डॉक्टरने 'लॅन्सेट'मध्ये एक नियम मांडला. जेथे वैद्यकसेवेची गरज अधिक, तेथे चांगली सेवा मिळण्याची शक्यता कमी. आणि सेवा जितकी बाजाराच्या हवाली केलेली, तितका हा नियम अधिक कठोरपणे लागू होतो. आज या नियमाला पुरवणी जोडावी लागेल. वैद्यकीय ज्ञानालाही तोच व्यस्त नियम लागू आहे. जनुकोपचाराची सर्वाधिक माहिती महानगरांतील मोजक्या रक्तविकारतज्ज्ञांपाशी आहे, आणि सिकलसेलचे रुग्ण बहुसंख्येने त्या तज्ज्ञांपासून शेकडो कोसांवर राहतात. त्यांच्या वाट्याला येतात ते प्राथमिक केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि आशा कार्यकर्ती. जनुकीय समुपदेशक हे पद सरकारी रुग्णालयांत अपवादानेच आढळते.

हा नियम केवळ नव्या उपचारांपुरता नाही, याचा पुरावा हवा असेल तर हायड्रॉक्सियुरिया या साध्या गोळीकडे पाहावे. तिच्यामुळे वेदनांचे झटके कमी होतात हे 1995 साली सिद्ध झाले. 1998 मध्ये अमेरिकेने तिला सिकलसेलसाठी मान्यता दिली. आपल्या देशात ती दिवसाकाठी काही रुपयांत मिळते आणि आवश्यक औषधांच्या यादीत आहे. तरीही ग्रामीण केंद्रांतील अनेक डॉक्टर ती द्यायला कचरतात. हे कर्करोगाचे औषध, याने काही बरेवाईट झाले तर जबाबदारी कोणाची, ही भीती त्यांच्या मनात असते. तिच्यासाठी ठराविक काळाने रक्ततपासणी करावी लागते आणि ती सोय प्रत्येक ठिकाणी नसते. स्वस्त गोळीत कोणाला नफा नाही, म्हणून तिचे ज्ञान कोणी दारोदार नेत नाही. महाग उपचारात नफा आहे, म्हणून त्याची कीर्ती उपचाराच्या आधीच गावात पोहोचते. डॉक्टरांची 'वृत्ती' म्हणून जी मोजली जाते, ती अशी बाजाराच्या मुशीत घडलेली असते.

अर्धवट ज्ञान आणि अमर्याद आशा यांचा संकर काय करतो, हे मूलपेशींच्या नावाने चाललेल्या धंद्यात देशाने पाहिले आहे. रक्ताचे काही विकार सोडता मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त प्रयोगांबाहेर करू नये, असे आयुर्विज्ञान परिषदेने 2017 मध्ये निःसंदिग्धपणे बजावले. तरीही मतिमंदत्वापासून पक्षाघातापर्यंत सर्वांवर इलाज करू म्हणणारी दुकाने चालू राहिली आणि हतबल आईबापांनी त्यांच्यासाठी घरदार विकले. उद्या 'जनुकोपचार' ही पाटी अशाच दुकानांवर लागणार नाही, याची खात्री कोण देईल? ती खात्री जाणकार आणि निर्भय आरोग्यसेवकच देऊ शकतो.

विश्वास मागून मिळत नाही

डॉक्टरांच्या वृत्तीत दोन टोके दिसतात. एक आंधळ्या स्वागताचे, दुसरे सरसकट नकाराचे. पहिल्या टोकाला असलेल्यांनी या शास्त्राचा इतिहास वाचला पाहिजे. 17 सप्टेंबर 1999 रोजी जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा अमेरिकन तरुण जनुकोपचाराच्या प्रयोगात मरण पावला. त्याचा यकृताचा विकार पथ्यपाणी आणि औषधे यांनी आटोक्यात होता. इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून तो प्रयोगात सामील झाला होता. चौकशीत निष्पन्न झाले की प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलेले धोके त्याला दिलेल्या संमतिपत्रात पुरेसे सांगितलेले नव्हते, आणि प्रमुख संशोधकाचे हितसंबंध संबंधित कंपनीत गुंतलेले होते. 2002 पासून पॅरिसमधील एका प्रयोगात, जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेली जी बालके बरी झाल्याचा आनंद साजरा झाला होता, त्यांपैकी काहींना रक्ताचा कर्करोग झाला. या अपयशांतून शास्त्र शिकले आणि अधिक सुरक्षित पद्धती निघाल्या, हेही तितकेच खरे. म्हणूनच नकाराचे दुसरे टोकही समर्थनीय नाही. आरोग्यसेवकाला यशाइतकेच अपयशाचेही शिक्षण मिळाले पाहिजे. विक्रेत्याच्या पुस्तिकेत ते कधीच सापडणार नाही.

सिकलसेलच्या बाबतीत तर अविश्वासाचा एक स्वतंत्र इतिहास आहे. अमेरिकेत हा आजार मुख्यतः कृष्णवर्णीयांत आढळतो, म्हणून दीर्घकाळ त्याच्याकडे दुर्लक्ष झाले. 1971 मध्ये ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी स्वतःच्या दवाखान्यांतून मोफत तपासणी सुरू केली आणि शासनाला जाग आली. पण त्या जागेपणाचे रूप विपरीत होते. अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांची सक्तीने तपासणी करणारे कायदे केले. निरोगी वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारण्यात आला. अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रबोधिनीत वाहकांना 1981 पर्यंत प्रवेश बंद होता. त्याच सुमारास, 1972 मध्ये, टस्कीगीचे प्रकरण उजेडात आले. शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचाराविना कसा वाढतो, हे सरकारी आरोग्यखात्याने चाळीस वर्षे नुसते पाहिले होते. अशा समाजापुढे वैद्यक जनुक बदलण्याचा प्रस्ताव घेऊन जाते, तेव्हा आशा आणि अविश्वास एकाच मनात नांदतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय जनुकसंशोधन संस्थेतील व्हेन्स बोनहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण, पालक आणि डॉक्टर यांच्याशी गटागटाने चर्चा केल्या, तेव्हा हेच चित्र समोर आले. रुग्णांचे मन जाणण्यासाठी डॉक्टरांना जनुकशास्त्राबरोबर समाजाचा इतिहासही ठाऊक असावा लागतो.

आपल्या देशाने हा धडा गिरवला आहे काय? 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. 2025 च्या मध्यापर्यंत सहा कोटींवर लोकांची तपासणी झाली आणि दोन लाखांहून अधिक रुग्ण आढळले, असे शासनाने सांगितले. तपासणी आवश्यकच आहे. पण हातात कार्ड आले आणि त्याचा अर्थ समजावणारे कोणी आले नाही, तर ते कार्ड कपाळावरचा शिक्का होते. केवळ वाहक असलेल्या मुलीचे लग्न मोडते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, एवढे साधे वाक्य स्थानिक बोलीत, सासरच्या माणसांसमोर, ठामपणे सांगणारी आशा कार्यकर्ती ही क्रिस्पर जाणणाऱ्या तज्ज्ञाइतकीच महत्त्वाची आहे. वेदनांनी विव्हळणारा रुग्ण नाटक करतो आहे असे समजून त्याला ताटकळत ठेवणाऱ्या रुग्णालयाने उद्या त्याला जनुकोपचारासाठी संमती मागितली, तर त्याने ती कोणत्या विश्वासावर द्यावी?

किमतीचे गणित

आता किमतीकडे वळू. कॅसगेव्हीची अमेरिकेतील घोषित किंमत 22 लाख डॉलर आणि लिफजेनियाची 31 लाख डॉलर आहे. यांतील स्वस्त उपचारच धरला तरी दर रुग्णामागे सुमारे 19 कोटी रुपये होतात. 2025-26 सालची केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची संपूर्ण तरतूद सुमारे एक लाख कोटी रुपये होती. ती सगळी, लसीकरणापासून क्षयरोगापर्यंत सर्व काही बंद करून, एकट्या या उपचाराकडे वळवली तरी पाच हजारांच्या आसपास रुग्णांना तो मिळेल. मोहिमेत आढळलेल्या दोन लाख रुग्णांसाठी 38 लाख कोटी लागतील. त्या वर्षीचा केंद्राचा सगळा अर्थसंकल्प सुमारे 51 लाख कोटींचा होता. दुर्मिळ आजारांच्या धोरणाखाली 2022 पासून रुग्णाला मिळू शकणारे कमाल साहाय्य 50 लाखांचे आहे. ही विषमता पाहिली की डॉक्टर रुग्णाला या उपचाराविषयी काही सांगतच नाही, याचे कारण उलगडते. जे मिळणारच नाही, ते सांगून काय उपयोग, असे तो म्हणतो. अशा रीतीने किंमत ज्ञानाचाही गळा आवळते.

ही किंमत निसर्गनियमाने ठरलेली नाही. वॉटसन यांचे निरीक्षण, बॉस्टनमधील शोध, क्रिस्परचे मूलभूत संशोधन यांच्यामागे रुग्णालये, विद्यापीठे आणि फार मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक पैसा आहे. कंपन्यांचे योगदान नाकारण्याचे कारण नाही. चाचण्या आणि निर्मिती यांचा खर्च मोठा असतो. पण शोधाचा खर्च समाजाने सोसायचा आणि किंमत ठरवण्याचा अधिकार मात्र एकट्या भागधारकांचा, ही वाटणी कोणत्या न्यायाने झाली?

बाजाराची शिस्त स्वतःच्याच कसोटीवर कशी अपुरी पडते, हे युरोपात दिसले. 2012 मध्ये मान्यता मिळालेला 'ग्लायबेरा' हा पश्चिमेतील पहिला जनुकोपचार दहा लाख युरोंच्या घरात होता. व्यापारी पद्धतीने तो एकाच रुग्णाला दिला गेला आणि 2017 मध्ये बाजारातून नाहीसा झाला. ब्लूबर्ड बायो या कंपनीने थॅलेसेमियावरील उपचार 2021 मध्ये युरोपातून काढून घेतला, कारण किमतीवर जर्मनीशी तडजोड झाली नाही. औषध निरुपयोगी ठरले म्हणून या घटना घडल्या नाहीत. याउलट ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा हा एकच मोठा ग्राहक असल्यामुळे घासाघीस करणे शक्य झाले. तेथील मूल्यमापन संस्थेने मार्च 2024 मध्ये सिकलसेलसाठी कॅसगेव्हीला प्रतिकूल मसुदा काढला. रुग्णसंघटनांनी बाजू लावून धरली, वाटाघाटी झाल्या, आणि जानेवारी 2025 मध्ये अटींसह मान्यता मिळाली. वर्षाला सुमारे पन्नास रुग्ण, आणि खर्च रुग्णाच्या खिशातून नाही. सार्वजनिक व्यवस्थेची ताकद यात दिसते.

भारतातही वेगळी वाट शक्य आहे, याच्या खुणा आहेत. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या संशोधनातून निघालेल्या, रक्ताच्या कर्करोगावरील 'नेक्सकार-19' या पेशीय जनुकोपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. त्याची किंमत परदेशाच्या सुमारे दशांश आहे, तरीही ती कित्येक लाखांत जाते, हे विसरता येत नाही. वेल्लूरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी तीव्र हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर केलेल्या जनुकोपचाराचा वृत्तांत डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारानंतरच्या निरीक्षणकाळात त्यांपैकी एकालाही रक्तस्रावाचा त्रास झाला नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या सरकारी जनुकसंशोधन संस्थेने सिकलसेलसाठी विकसित केलेल्या क्रिस्पर उपचाराचे 'बिरसा 101' या नावाने अनावरण झाले आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्याची घोषणा झाली. अनावरण म्हणजे उपचार नव्हे. मधल्या कसोट्या कठोरपणे पार पडल्या पाहिजेत. परंतु सार्वजनिक संस्थेत जन्मलेले तंत्र खाजगी हातात जाताना किंमत, पुरवठा आणि सरकारी रुग्णालयांचा वाटा यांविषयी कोणत्या अटी घातल्या, हे विचारण्याची वेळ करारावर सह्या होतानाच असते. बिरसांचे नाव देऊन बिरसांच्या लेकरांना तो उपचार परवडणारा नसेल, तर ती क्रूर थट्टा ठरेल.

आधी हे की आधी ते?

येथे एक आक्षेप येतो, आणि तो आपल्याच गोटातून येतो. गावात साधी रक्ततपासणी होत नाही, रक्तपेढी नाही, हायड्रॉक्सियुरियाचा पुरवठा खंडित होतो. अशा स्थितीत जनुकोपचाराची चर्चा ही शहरी चैन नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे. आज ज्याला झटका आला आहे, त्याला आज गोळी, सलाईन, वेदनाशामक आणि आदराची वागणूक हवी. त्याला कोणताही पर्याय नाही, आणि या साध्या गोष्टींची कुचराई झाकण्यासाठी कोणी जनुकोपचाराची झूल पांघरत असेल, तर ती ओढून काढलीच पाहिजे.

पण 'आधी गोळी, मग बाकीचे पाहू' या सूत्राचा शेवट कोठे होतो? गरिबांसाठी गोळी आणि श्रीमंतांसाठी जनुकोपचार, अशी कायमची वाटणी त्यातून पक्की होते. क्षयाची औषधे, पोलिओची लस, एड्सवरची औषधे या सर्वांविषयी कधीतरी असेच म्हटले गेले होते. एड्सची औषधे सामान्यांच्या आवाक्यात आली, कारण रुग्णांनी संघर्ष केला आणि भारतीय कारखान्यांनी ती स्वस्तात बनवून दाखवली. शिवाय दोन्ही गोष्टींना लागणारा पाया एकच आहे. जी प्रयोगशाळा गोळीसाठी नियमित रक्ततपासणी करील, जी नोंदवही प्रत्येक रुग्णाचा मागोवा ठेवील, जी परिचारिका संसर्ग वेळीच ओळखील, तिच्याच खांद्यावर उद्याचा जनुकोपचार उभा राहणार आहे. जुळणारा भाऊ किंवा बहीण असल्यास अस्थिमज्जा-रोपणाने बरे होण्याचा मार्ग आजही आहे. त्याची माहिती तरी किती रुग्णांपर्यंत पोहोचते?

कार्यकर्त्यांचे काम

तेव्हा आरोग्यसेवकांना ज्ञान द्या, एवढी मागणी अपुरी आहे. ते ज्ञान सार्वजनिक स्रोतातून यावे, ही खरी मागणी आहे. राज्याच्या आरोग्य विद्यापीठाने आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी कोणत्याही कंपनीचा पैसा न घेता जनुकोपचाराविषयीचे अभ्यासवर्ग चालवावेत. डॉक्टरांसाठी त्यांची एक पातळी असावी, परिचारिका आणि तंत्रज्ञांसाठी दुसरी, आशा कार्यकर्तींसाठी तिसरी. शेवटच्या पातळीवरचे शिक्षण मराठीत तर असावेच, पण गोंडी, कोरकू, भिली या बोलींतही असावे. संमतिपत्र वाचून दाखवणारा माणूस प्रयोग करणाऱ्यांच्या पगारावर नसावा. सिकलसेलचे प्रमाण जास्त असलेल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात जनुकीय समुपदेशकाचे पद मंजूर करून ते भरावे. आणि सार्वजनिक पैशातून निघालेल्या प्रत्येक उपचाराचा करार लोकांसमोर खुला असावा.

या मागण्या विधिमंडळात मांडायच्या आहेतच. पण कार्यकर्त्याला उद्या सकाळी करता येण्याजोगेही पुष्कळ आहे. आपल्या तालुक्यातील प्राथमिक केंद्रात हायड्रॉक्सियुरिया आहे की नाही, मागील तीन महिन्यांत ती किती दिवस संपलेली होती, याची नोंद ठेवता येते. सिकलसेल हा 2016 च्या कायद्यानुसार अपंगत्वाच्या यादीत आहे. त्याचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी रुग्णाबरोबर जाता येते. ग्रामसभेत वाहक आणि रुग्ण यांतील फरक समजावून सांगता येतो. शाळेत वारंवार गैरहजर राहणारे मूल आळशी नसून आजारी असू शकते, हे शिक्षकांना सांगता येते. कायमचा इलाज करून देतो म्हणणारा दलाल गावात आला तर मान्यतेचे कागद मागता येतात.

जनुकाच्या एका अक्षरातील चूक दुरुस्त करण्याची विद्या माणसाने हस्तगत केली आहे. ती विद्या कोणाच्या कामी यावी, हे प्रयोगशाळेत ठरत नाही. ते करारांत, अर्थसंकल्पात, अभ्यासक्रमात आणि आरोग्य केंद्राच्या औषधांच्या फळीवर ठरते. या चारही ठिकाणी आपली हजेरी लागली पाहिजे. सुरुवात फळीपासून करावी, कारण ती सर्वांत जवळ आहे.